जाळलेल्या फाइलींची यादी

५ जून, गुरुवार. काम: नष्ट करायच्या फाइलींची यादी.

हे काम दरवर्षी माझ्याकडे येतं, कारण ते मला नीट जमतं. आमच्या ऑफिसात एखादं काम नीट जमणं ही जन्मठेप आहे. सकाळी कूलरमध्ये पाणी भरलं, लोखंडी कपाट उघडलं, वर्षाप्रमाणे गठ्ठे लावले आणि टाइप करायला बसले. अनुक्रमांक, प्रकरण क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, पत्ता, ठाणं, कलम.

मी प्रोबेशन अधिकारी आहे, हिंदी मुलखातल्या एका शहरात. अठरा वर्षांखालचं पोर गुन्ह्यात सापडलं की त्याला नेहमीच्या कोर्टात नेत नाहीत, बाल न्याय मंडळासमोर आणतात. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि समाजातले दोन सदस्य. मी त्या पोराच्या घरी जाते, आईबापांशी, मास्तरांशी, शेजाऱ्यांशी बोलते आणि तो कसा वाढला ते लिहून आणते. सगळं संपलं, अपिलाची मुदत गेली, की त्याची फाइल नष्ट करायची. कायदाच तसा आहे. एकदा चुकला, जे करायचं ते आपण केलं, आता पुसून टाका आणि त्याला मोठं होऊ द्या. चांगला कायदा आहे. फक्त तो पाळायला आपल्याकडे चार प्रतींत यादी लागते.

अकराच्या सुमारास दारात एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"मैडम, पहचाने?"

मी ओळखलं नाही. त्याने भनपुरी म्हटलं, ट्रकची बॅटरी म्हटलं, "वो छोटी कुर्सी वाले सर" म्हटलं. मग ओळखलं. सात वर्षांपूर्वी सोळाचा होता, आता दाढी आली होती. आयटीआय केलं, वीज कंपनीत लाइनमनच्या हाताखाली नेमणूक झाली, मेडिकल झालं. पोलीस तपासणीचा कागद तेवढा अडकला. तोच त्याने माझ्यासमोर ठेवला. ठाण्याने लिहिलं होतं: 'आवेदक के विरुद्ध किशोर अवस्था में प्रकरण। अभिलेख नष्ट। देखें सूची, सरल क्रमांक १४।'

"मैडम, नष्ट हो गया तो लिखा काहे है?"

मी कागद दोनदा वाचला.

"सोमवार तक साफ रिपोर्ट माँगे हैं। नहीं तो वेटिंग वाले को बुला लेंगे।"

"बैठ," मी म्हटलं आणि कपाटाकडे गेले. ऑफिसची प्रत दोन मिनिटांत सापडली, कारण मी गोष्टी जागेवर ठेवते. क्रमांक चौदा. त्याचं नाव, बापाचं नाव, पत्ता, कलम. खाली माझी सही. एक खाडाखोड नाही. अशी सुरेख यादी सरकारी ऑफिसात बघायला मिळत नाही.

कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक वही होती. ती तिथे आहे हे मला माहीत होतं. दोन वर्षं मी तिच्यावर फाइली रचत आले होते.

वही सरांची. त्यांचं नाव लिहीत नाही. नावं लिहिण्यावरूनच आमचं बिनसलं. आता तरी त्यांचं ऐकते.

सर सरकारी कॉलेजात दर्शनशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि मंडळावर सदस्य म्हणून आले. त्यांचा पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून आला तो इथलाच झाला. सदर बाजारामागच्या गल्लीत घर. मराठी निम्मी हिंदी आणि उरलेली मले-तुले. मी वर्ध्याची, नवऱ्याच्या रेल्वेमुळे इथे आलेली. मला ती भाषा माहेरासारखी वाटायची, म्हणून सुरुवातीला त्यांचं जास्त खपवून घेतलं. ती माझी चूक.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसात येऊन पाहते तर मंडळाच्या खोलीत सुतार करवत चालवतोय आणि सर वाकून त्याला खूण दाखवतायत.

"आणखी बोटभर," सर म्हणत होते.

"सर, ही सरकारी खुर्ची आहे."

"हव. म्हणूनच जास्त उंच आहे."

त्यांनी स्वतःच्या खुर्चीचे चारही पाय वीतभर कापून घेतले. समोर बसलेल्या पोराचे डोळे आणि आपले डोळे एका पातळीवर पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पोर बारा वर्षांचं असो की सतरा, सर आपले खालीच. टेबलावर फक्त त्यांचं टक्कल आणि चष्मा दिसे. मॅजिस्ट्रेट साहेब त्यांच्याशी बोलायला वाकत तेव्हा विहिरीत पडलेलं काही शोधल्यासारखे दिसत. खुर्चीचा खुलासा वरून मागितला गेला. तो कोणी लिहिला? मी लिहिला, तीन पानं. 'बैठक व्यवस्थेत बालस्नेही सुधारणा.' सरांनी वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं चांगलं खोटं लिहिता, मंग खरं काहून नाही लिहीत?"

तेव्हापासून मी त्यांचे खुलासे लिहिणं बंद केलं. म्हणजे ठरवलं. पुढेही मीच लिहिले.

पोलिसांचे कागद ते आधी वाचत नसत. गठ्ठा उलटा करून त्यावर कोपर ठेवत आणि खिशातून फुटाणे काढून खात बसत. "आधी पोरगं, मंग कागद. कागद आधी वाचला की पोरगं कागदासारखं दिसते." फुटाणे सगळ्यांना मिळत: पोराला, आणणाऱ्या शिपायाला, मॅजिस्ट्रेटला. मॅजिस्ट्रेट साहेब एकदा नको म्हणाले तर सर म्हणाले, "घ्या हो. न्याय उपाशीपोटी चिडखोर होते."

भाषणं फार. एका पोराला त्यांनी बदला म्हणजे काय आणि न्याय म्हणजे काय यातला फरक इतका वेळ समजावला की ते पोर हात जोडून म्हणालं, "दादा, सजा दे दो, भाषण मत दो।" सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले आणि मग तेच भाषण पुढे चालू केलं.

तरी काही वाक्यं डोक्यात बसली. मला बसवायची नव्हती, बसली. "शिक्षा देण्याची तीन कारणं पुस्तकात आहेत. बदला, धाक, सुधारणा. चौथं कोणी लिहीत नाही: घरी जाताना आपल्याले वाटलं पाहिजे का आज काही काम केलं." हे ते कोणालाही ऐकवत, चहावाल्यालासुद्धा. दुसरं त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं, एका पोराच्या घरून परतताना, रिक्षात. "शिक्षेले शेवटची तारीख पाहिजे, बाई. जिले शेवटची तारीख नाही ते शिक्षा नाही होय, ते जात होय. जन्मभर चिकटते."

आणि ती वही. दोनशे पानी, शाळेची. वर सरांच्या अक्षरात 'आमचे गुन्हे'. आमचे म्हणजे मंडळाचे. कायद्यात पोरासाठी जे जे लिहिलं आहे त्यातलं आम्ही काय मोडलं ते सर रोज लिहीत. शिपाई वर्दीत आला. पोराचं नाव व्हरांड्यात मोठ्याने पुकारलं. तारीख विनाकारण पुढे ढकलली. पोराचं नाव वहीत कधीच नसे, फक्त 'बाबू'. आमची नावं मात्र असत, हुद्द्यासकट. "पोराचा गुन्हा विसरा, आपला लिहून ठेवा," असं त्यांचं शास्त्र. आम्ही नेमकं उलट करतो, हे सांगायला ते विसरत नसत.

मला हा प्रकार आवडत नव्हता. आठ तास राबायचं आणि संध्याकाळी एका रिटायर मास्तराच्या वहीत गुन्हेगार म्हणून चढायचं, कोणाला आवडेल?

एकदा पंधरा वर्षांच्या एका पोराला दहा वाजता आणून व्हरांड्यात उकिडवं बसवलं आणि त्याचा नंबर लागला साडेचारला. मॅजिस्ट्रेट साहेबांना दुसरीकडे जावं लागलं होतं. कोणाचा दोष म्हणावा असं काही नव्हतं, कधीच नसतं. पोराला घरी सोडलं. सर उठले, व्हरांड्यात गेले आणि त्याच जागी उकिडवे बसले. वय अडुसष्ट.

मला वाटलं पाच मिनिटं बसतील. सहा वाजले. चौकीदार कुलूप घेऊन उभा. किल्ली माझ्याकडे.

"सर, उठा. मला घरी जायचंय."

"त्यालेही जायचं होतं."

"त्याला मी नव्हतं बसवलं."

"मंग कोणी बसवलं ते सांगा, मी उठतो."

सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, ते राहिलं. सर उठले तेव्हा त्यांच्याने सरळ होईना. चौकीदाराने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं. मी धरलं ते रागाने. दंड जरा जोरातच दाबला. पण दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात बाक आला आणि दोननंतर कोणतंही पोर बिनसुनावणीचं राहिलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. माणूस कामाचा होता. कामाचा होता म्हणूनच त्याचा राग येतो. बिनकामाच्या माणसांवर मी राग वाया घालवत नाही.

आता समोर बसलेल्या या तरुणाची सुनावणी. सोळा वर्षांचा, भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट यार्डात दोन मोठ्या माणसांबरोबर उभ्या ट्रकची बॅटरी काढताना सापडला. मोठे पळाले, हा बॅटरी धरून उभा राहिला कारण ती जड होती. सरांनी त्याला तोच प्रश्न विचारला जो ते प्रत्येकाला विचारत. का केलंस, असं ते कधीच विचारत नसत.

"बाबू, तुम्हारे साथ कभी अन्याय हुआ है?"

पोरं या प्रश्नाने गडबडत. कोणी म्हणे, क्रिकेटमध्ये बॅटिंग दिली नाही. कोणी म्हणे, धाकट्याची मारामारी माझ्या नावावर आली. सर खूश होत. "पाहा, बाई. न्याय काय आहे ते यायले पक्कं माहीत आहे. आपल्यालेच शिकवावं लागते." पण हा पोरगा जमिनीकडे पाहत म्हणाला, "स्कूल में मेरा नाम काट दिए थे। बताए नहीं। मैं हफ्ता भर जाता रहा। रोज हाजरी होती थी, मेरा नाम ही नहीं आता था।"

"फिर?"

"फिर समझ गया।"

सरांनी फुटाणे ठेवून दिले.

शिक्षा म्हणून त्याला दहा रविवार तेलीबांध्याच्या तळ्याकाठचा कचरा उचलायला लावला. दहाही रविवार सर त्याच्यासोबत गेले, पिशवी घेऊन. मी हजेरी घ्यायला जात होते. लोक सकाळच्या फिरण्यातून वळून पाहत: टक्कल पडलेला म्हातारा आणि एक पोरगा, दोघं वाकलेले, कोण शिक्षेवर आहे ते ओळखू येत नसे. प्रकरण मिटलं. मुदत सरली. त्याची फाइल नष्ट करायच्या गठ्ठ्यात आली, आणि त्या वर्षीची यादी मी सह्यांसाठी सरांपुढे ठेवली.

सरांनी चष्मा वर करून वाचली. पहिलं पान, दुसरं पान.

"बाई, तुम्ही हे जाळून राहिल्या का छापून राहिल्या?"

"नष्टीकरण सूची आहे, सर. सरकारी कागद जाळायचे तर कोणते जाळले ते लिहावं लागतं."

"नावासकट?"

"नमुनाच तसा आहे."

"आणि हे चार ठिकाणी जाते?"

"एक प्रत आपल्याकडे. एक वर. एक रेकॉर्डला. आणि ज्या ठाण्याचं प्रकरण त्या ठाण्याला, त्यांनी आपल्या नोंदी काढाव्यात म्हणून."

सरांनी यादी माझ्याकडे सरकवली. "फाइल एका कपाटात होती, कोणी पाहत नव्हतं. आता चार कपाटांत जाईल, आणि एका पानावर सगळे चोर. शोधायची पण मेहनत नको. मी सही नाही करत."

"सही नाही झाली तर फाइली इथेच राहतील. ते बरं आहे का?"

"नाही."

"मग करा."

"नाही."

"मग काय करू ते सांगा."

सर फुटाणा चावत राहिले.

मी तीनदा गेले. तिन्ही वेळा हेच. नमुना बदलायला वर लिहा म्हटलं, तर म्हणाले मी लिहितो, आणि बारा पानांचं पत्र लिहिलं ज्यात पहिली नऊ पानं न्यायाची व्याख्या होती. त्याचं उत्तर आलं नाही. मी त्या जागी असते तर मीही दिलं नसतं. दीड वर्ष गठ्ठे पडून राहिले. पोरं येत, कोणाला गार्डची नोकरी, कोणाला लायसन. मी सांगायची, सही बाकी आहे. हा तरुणही तेव्हा एकदा येऊन गेला होता, याची त्याने मला आठवण करून दिली. "आप बोले थे बाद में आना।"

शेवटी एके दुपारी माझा तोल गेला. चहावाला होता, दोन शिपाई होते, त्यांच्यासमोर मी सरांना म्हटलं, "सर, तुम्हाला पोरांपेक्षा तुमचं बरोबर असणं जास्त आवडतं. बरोबर असायला काय लागतं? बसून राहायला लागतं. कामं आम्हाला करावी लागतात."

सर त्यानंतर माझ्या टेबलाशी आले नाहीत. काही हवं असलं की शिपायाला पाठवत. मीही शिपायाकडून पाठवत असे. चार महिने असे गेले आणि त्यांची मुदत संपली. निरोपाला समोसे होते. मी घरी लवकर गेले.

नवीन सदस्याने यादी न वाचता सही केली. मला इतका आनंद झाला होता. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात एका सकाळी मी सगळे गठ्ठे जाळले, राख पाण्यात कालवली, यादी चार ठिकाणी रवाना केली आणि ठाण्यांच्या पोच पावत्या क्रमाने लावून ठेवल्या. दीड वर्षाचं अडलेलं काम एका आठवड्यात. त्या कामाचं कौतुकाचं पत्र माझ्या सेवा पुस्तकात आहे.

ठाण्यात काय झालं असेल ते आता कळतं. मुन्शीकडे, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाकडे, पत्र गेलं: सोबतच्या यादीतल्या नोंदी नष्ट कराव्यात. जुनी रजिस्टरं गोदामात, ती कोण काढणार? त्याने यादीला भोक पाडलं आणि फाइलला लावली. आता कोणाची तपासणी आली की गोदामात जायला नको. माझी यादी काढायची, नाव पाहायचं. टाइप केलेलं, अनुक्रमांक घातलेलं. मी त्याचं काम सोपं करून दिलं होतं.

सर गेले त्याला गेल्या हिवाळ्यात दोन वर्षं झाली. दहाव्यानंतर त्यांची मुलगी ही वही घेऊन ऑफिसात आली. मराठी तिला सगळी समजते, बोलते हिंदीत. "आंटी, पापा बोले थे ये मैडम को देना।" मी ठेवून घेतली आणि उघडली नाही. आपलं नाव किती वेळा आहे ते मोजायची इच्छा नव्हती.

गुरुवारी तो तरुण समोर बसलेला असताना मी ती उघडली. त्याला म्हटलं, चहा पिऊन ये. माझं नाव पुष्कळ वेळा होतं. 'प्रोबेशन बाईंनी पोराला आईसमोर खोटारडा म्हटलं.' खरं होतं. 'प्रोबेशन बाईंनी मुदतीत अहवाल दिला नाही, कारण ताप.' हेही खरं होतं, आणि ताप लिहिला होता. बॅटरीवाल्या सुनावणीच्या दिवशी फक्त एक ओळ: 'बाबूचं नाव शाळेतून कापलं, त्याला सांगितलं नाही. हा गुन्हा आमचा नाही, पण लिहायला दुसरी वही नाही.'

मग मी ज्या दुपारी ओरडले होते त्या दुपारचं पान आलं. मी ते जसंच्या तसं उतरवते.

'यादीवर सही केली नाही. हे ठीक. दुसरा रस्ता दिला नाही. हा गुन्हा. बाई तीनदा विचारून गेल्या. पोरं अडकली ती माझ्यामुळे. रस्ता आहे: यादीत फक्त प्रकरण क्रमांक लिहावा, नाव, बाप, पत्ता काही नको. ठाण्याला नोंद काढायला नंबर पुरतो, आणि नंबरावरून माणूस कोणी शोधत नाही. बाईंना सांगणे.'

'सांगणे' याच्यापुढे काही नाही. पुढच्या पानावर दुसरी तारीख, दुसरा गुन्हा.

मला इतका राग आला की मी उठून खिडकीपाशी गेले. सांगणे! माझं टेबल त्यांच्या खुर्चीपासून पंधरा पावलांवर होतं. चार महिने तो माणूस उत्तर खिशात घेऊन फुटाणे खात बसला, कारण मी त्याला चारचौघांत बोलले होते. न्याय, अन्याय, बदला, सुधारणा, सगळं तोंडपाठ. आणि एका बाईचं बोलणं गिळून पंधरा पावलं चालणं जमलं नाही. मुलीकडून मेल्यावर निरोप पाठवला.

आणि मी? तेवढीच पावलं माझ्या बाजूनेही होती. वही हातात आली तेव्हाच उघडली असती तर दोन वर्षं आधी कळलं असतं. त्या दोन वर्षांत मी आणखी दोन याद्या पाठवल्या. सकाळपासून तिसरी करत होते. स्क्रीनवर ती अजून उघडी होती, एकविसाव्या नावावर थांबलेली.

तरुण चहा पिऊन आला. दारात उभा. "मैडम, कुछ होगा?"

"कल सुबह साढ़े नौ बजे आना। आधार लेकर।"

"होगा न?"

"पता नहीं। आना।"

मी स्क्रीनवरचे चार रकाने काढून टाकले. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, कलम. क्रमांक आणि ठाणं उरलं. यादी अर्ध्या पानाची झाली. मग एक टिपण लिहिलं. मी खुलासे चांगले लिहिते. हा तीन ओळींचा होता. नष्टीकरणाच्या याद्यांमध्ये नावं घालून मी कायद्याचा उद्देश मोडला. सदस्यांनी वेळेवर हरकत घेतली होती, मी जुमानली नाही. सर्व याद्या परत मागवण्याचा आदेश व्हावा.

शुक्रवारी सकाळी दहाला टिपण मॅजिस्ट्रेट मॅडमपुढे ठेवलं. नवीन आहेत, तिशीच्या. त्यांनी वाचून वर पाहिलं.

"नमूना तो पहले से चला आ रहा है। आप अपने ऊपर क्यों ले रही हैं? सर्विस बुक में जाएगा।"

"सही मेरी है, मैडम।"

त्यांनी आदेश केला. आदेशाची शाई वाळण्याआधी मी त्या तरुणाला स्कूटीवर मागे बसवलं आणि ठाण्यात गेले. मुन्शीने आदेश वाचला, मग यादी असलेली फाइल काढली. माझी पानं तिथे छान राहिली होती. कोपरेही दुमडले नव्हते.

"मैडम, ये तो आप ही भेजे थे।"

"हाँ। निकालिए।"

"निकाल देंगे। लेकिन निकाला, ये किस सूची में चढ़ाएँगे? ऊपर से पूछेंगे तो किसका नाम बताएँगे?"

मी त्याचं आवक-जावक रजिस्टर माझ्याकडे ओढलं. तारीख घातली. 'सभी सूचियाँ वापस लीं', त्यापुढे माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, घरचा पत्ता, हुद्दा. नमुन्यात असतं तसं सगळं. कलमाच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही, ते रिकामं ठेवलं.

सगळ्या याद्या पर्समध्ये घातल्या. नवीन रिपोर्टवर सही करणारे साहेब यायचे होते. मुन्शीने एकच खुर्ची पुढे केली.

"तू बैठ," मी त्या पोराला म्हटलं, आणि सव्वा वाजता सही होईपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिले.